दवाखान्यातला राग आणि कायद्याची वाट
(सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले, क्रांतिज्योती सावित्रीबाई आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस प्रथम वंदन करतो. आजचा विषय थोडा कडू आहे. दवाखान्यात डॉक्टर, नर्स किंवा वॉर्डबॉय यांच्यावर हात उगारला तर कोणते गुन्हे लागतात आणि आरोपीला कायदा कोणता बचाव देतो, हा तो विषय होय. आपल्या मंडळात तो कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. या भांडणात दोन्ही बाजूंना आपलीच माणसे असतात. खाटेवर आपला आजारी बाप असतो आणि रात्रपाळीला उभी असलेली नर्स, झाडूवाली मावशी, गावची आशाताई, तीही अनेकदा आपल्याच वस्तीतली असते.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदांसह त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले, आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने रुग्णाची सेवा करावी, असा उपदेश संघाला केला. तेथेच त्यांनी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले. औषध तयार करता येणे, पथ्य-कुपथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस न वाटणे आणि रुग्णाला धम्माचा धीर देता येणे, हे ते गुण. पण बंधूंनो, त्याच ठिकाणी रुग्णाचेही पाच गुण सांगितले आहेत, आणि आजाराची हकीकत खरी सांगणे व दुखणे सोसणे हे त्यांपैकी दोन. म्हणजे सेवा करणारा आणि सेवा घेणारा या दोघांनाही शील लागू आहे.

आपल्या जिल्ह्याला ही परंपरा परकी नाही. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण नगरला मिस फरार यांच्या संस्थेत घेतले. पुढे पुण्यात प्लेग आला तेव्हा रुग्णांची सेवा करता करताच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आता कायद्याकडे वळू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. त्या आधीच्या घटनांचे खटले जुन्या कायद्यानेच चालतात. सरकारी दवाखान्यातील डॉक्टर वा नर्स हे लोकसेवक आहेत. त्यांना कर्तव्यापासून रोखण्यासाठी अंगावर धावून जाणे वा बळाचा वापर करणे यास कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच हेतूने दुखापत केली तर कलम १२१ खाली पाच वर्षांपर्यंत, आणि जबर दुखापत केली तर एक ते दहा वर्षे. याखेरीज धमकी, नर्सचा विनयभंग, तोडफोड, बेकायदेशीर जमाव यांची कलमे लागू शकतात.

खासगी दवाखाना असला म्हणजे सुटलो, असे समजू नका. महाराष्ट्राने २०१० साली वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचार रोखण्याचा स्वतंत्र कायदा केला. त्यात डॉक्टर, नर्स, वैद्यकीय व नर्सिंगचे विद्यार्थी आणि इतर वैद्यकीय कर्मचारी येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि मोडलेल्या यंत्रसामग्रीच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. मारहाण झालीच पाहिजे असेही नाही. धाक दाखवून काम अडवणे हाही त्या कायद्याने हिंसाचारच आहे. कोरोनाच्या काळात, २०२० साली, साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली. तीनुसार साथीच्या काळातील अशा हिंसेला तीन महिने ते पाच वर्षे आणि जबर दुखापतीला सहा महिने ते सात वर्षे कैद आहे.

मग आरोपीला बचाव नाही काय? निश्चित आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानात आरोपीलाही हक्क आहेत. अनुच्छेद २२ नुसार अटकेचे कारण कळण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात बजावले आहे. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस आली तर पळून जाऊ नका, वकिलासह हजर राहा. अटकपूर्व जामिनाचा अर्जही करता येतो.

खटल्यातले खरे बचाव हे असे. पहिला, मी तो नव्हेच. गर्दी झाली की फिर्यादीत नावे भराभर पडतात. नुसता उभा असलेला बघ्या गुन्हेगार ठरत नाही, जमावाच्या समान उद्देशात त्याचा वाटा सिद्ध व्हावा लागतो. म्हणून सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवावे, अशी लेखी मागणी वकिलामार्फत ताबडतोब करा. काही दिवसांनी ते पुसले जाते. दुसरा, खासगी संरक्षणाचा हक्क. रखवालदाराने आधी मारायला सुरुवात केली तर स्वतःला वाचवण्यापुरते बळ वापरता येते. मात्र गरजेपेक्षा जास्त नाही, आणि हल्ला थांबल्यावर सूड म्हणून मुळीच नाही. तिसरा, गुन्ह्याचा घटकच नसणे. खासगी डॉक्टर लोकसेवक नाही, म्हणून तेथे कलम १३२ टिकत नाही. शांतपणे जाब विचारणे हा तर कोणताच गुन्हा नाही. चौथा, मनाची अवस्था. तापाच्या भ्रमात, आपण काय करतो हे न कळणाऱ्या रुग्णाने हात मारला तर त्यात गुन्हेगारी हेतू नसतो.

आणि न चालणारे बचावही ऐका. स्वतःहून घेतलेली दारू हा बचाव नाही. दुःख आणि संताप यांचा विचार शिक्षा ठरवताना होऊ शकेल, पण त्यामुळे माणूस निर्दोष ठरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डॉक्टरने हलगर्जी केली, हा मारहाणीचा बचाव होऊ शकत नाही. हलगर्जीचा खटला वेगळा, मारहाणीचा वेगळा. हात उगारला की पहिल्या खटल्यातला फिर्यादी दुसऱ्या खटल्यातला आरोपी होतो आणि आपली खरी तक्रार मागे पडते.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात नातेवाईकांनी एका निवासी डॉक्टरला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. सांगा, त्या दिवसांत हाल कोणाचे झाले? ज्याच्याकडे पैसा आहे तो खासगीत गेला. सरकारी दवाखान्याच्या दारात ताटकळला तो गरीब माणूस, आपला माणूस.

राग खोटा आहे असे मी म्हणत नाही. अकोल्याच्या डोंगरातून शंभराहून अधिक किलोमीटर अंतर तोडून नगरला यायचे आणि येथे खाट नाही असे ऐकायचे, हे दुःख खरे आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा कोरोना रुग्ण दगावले, तो संतापही खरा होता. पण तेथे चौकशी, निलंबन आणि पोलीस केस झाली ती कायद्याच्या वाटेने.

ही वाट आपल्यालाही मोकळी आहे. रुग्णाचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मृत्यूबद्दल शंका असेल तर अंत्यविधीची घाई न करता शवविच्छेदनाची मागणी करा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरवले. सरकारी दवाखान्याने तातडीचे उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे, हे १९९६ साली पश्चिम बंगालच्या एका शेतमजुराच्या प्रकरणात ठरले आणि त्याला भरपाई मिळाली. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. विशेष म्हणजे त्याच २०१० च्या कायद्यात हलगर्जीने पीडित झालेल्यांचे ऐकून त्यांना सल्ला देणारे प्राधिकरण नेमण्याची तरतूद आहे. ते कोठे आहे, असा प्रश्न आपण संघटित होऊन सरकारला विचारला पाहिजे.

वकिलाला पैसे कोठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. दवाखान्यात कोणी जातीवरून अपमान केला तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे. आपल्या नर्स भगिनीला रुग्णाच्या नातेवाइकाने जातीवरून शिवी दिली, तरी तोच कायदा तिच्याही पाठीशी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही भरतीची तयारी करता. पोलीस असो वा शिक्षक, चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये दाखल गुन्हा लिहावा लागतो. तो लपवला तर नेमणूक रद्द होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात स्पष्ट केले आहे. पाच मिनिटांच्या रागाची किंमत आईबापांनी मजुरी करून दिलेले शिक्षण ही असू शकते.

शेवटी एवढेच. अन्यायाविरुद्ध कायद्याची मागणी करणारा आपला समाज आहे. जामखेड तालुक्यातील खर्डा प्रकरणात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली आरोपी सुटले, ती वेदना आपण विसरलेलो नाही. अत्याचाराच्या प्रत्येक खटल्यात डॉक्टरचा दाखला आणि डॉक्टरची साक्ष हा आपला मोठा आधार असतो. तो डॉक्टर निर्भय राहिला तरच खरे लिहील. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की, सनदशीर मार्ग खुले असताना इतर मार्गांचे समर्थन करता येणार नाही. दवाखान्याच्या दारातही तोच नियम पाळू या. आपल्या माणसासाठी जरूर भांडू या. पण अर्जाने, पुराव्याने आणि संघटनेने.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जयभीम!