गुणफलकावर नसलेले नाव



१९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन ऑलिंपिकसाठी सजले होते. ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या तात्पुरत्या उतरविण्यात आल्या होत्या. जुलैमध्येच रोमा कुटुंबांना उचलून शहराच्या कडेला मार्झानच्या छावणीत डांबले गेले होते. पाहुण्यांना दिसले ते भव्य स्टेडियम, झेंडे आणि ग्रीसहून प्रथमच धावत आणलेली ज्योत.

ग्रेटेल बर्गमान या युवतीने स्पर्धेच्या महिनाभर आधी उंच उडीत १.६० मीटर गाठून जर्मन विक्रमाची बरोबरी केली. ती ज्यू होती. अमेरिकेने बहिष्कार घालू नये म्हणून तिला सराव करू दिला गेला. अमेरिकी चमूची बोट सुटताच तिला वगळल्याचे पत्र धाडण्यात आले. तिची जागा रिकामीच राहिली.

१५ ऑगस्टला ध्यानचंद यांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे नमविले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनेही बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. त्यांचे कौशल्य अस्सल होते, टाळ्याही मनापासूनच्या होत्या. त्याच टाळ्यांतून यजमान हुकूमशाहीने प्रतिष्ठा कमावली. खेळ जितका निर्मळ, तितका तो सत्तेला आडोसा म्हणून उपयोगी पडतो.

बर्गमानचा विक्रम जर्मन संघटनेने २००९ मध्ये मान्य केला, त्र्याहत्तर वर्षांनी. शाळा मुलांना मैदानावर जिंकायला शिकवते. गुणफलकावर कोणाचे नाव येऊच दिले गेले नाही, हे विचारण्याची सवयही तेथेच लागावी.