तीन महिन्यांचे गुपित

(मंडळाच्या वर्धापनदिनी बोळिंज येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला गाणी व्हावीत, फराळ व्हावा, आणि मधल्या वेळेत कुणीतरी चार शब्द बोलावेत, असा आपला रिवाज आहे. यंदा ते चार शब्द माझ्या वाट्याला आले. चिटणीसबाईंनी विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "दिवस राहिल्यावर बाई दवाखान्यात उशिरा का जाते, ह्यावर बोलेन." त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "सभेला पुरुषमंडळीही असतील हो." असू देत. त्यांनीही ऐकावे. पुष्कळ वेळा उशीर त्यांच्याच पायी होतो.

मी तीस वर्षे परिचारिकेची नोकरी केली. गरोदर बाई दवाखान्यात आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला : "पाळी कधी चुकली?" उत्तरही बहुधा ठरलेले : "झाले की चार-पाच महिने, बाई." मग आम्ही तिला रागवायचो. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. आता निवृत्त झाल्यावर वाटते की, रागवण्याआधी तिला विचारायला हवे होते, बाई ग, हे चार महिने तुझ्या घरात काय चालले होते? मला तरी ते ठाऊक असायला हवे होते, कारण मी ते माझ्याच घरात पाहिले होते.

मी १९७४ साली लग्न होऊन बोळिंजला आले. आमच्या घरी पानवेलीचा मळा होता, केळी होती आणि विहिरीच्या कडेने मोगरा. अंधार असतानाच कळ्या खुडायच्या, टोपलीत भरायच्या आणि विरारहून गाडीने दादरच्या बाजारात पोचवायच्या, हे काम घरच्या बायकांचे. १९७८ च्या पावसाळ्याच्या तोंडी माझ्या थोरल्या जाऊबाईंना तिसऱ्यांदा दिवस गेले. सासूबाईंना कळले, मला कळले, घराबाहेर कुणालाच नाही. तीन महिने भरेपर्यंत बोलायचे नसते, दृष्ट लागते. तीन भरले तोवर भातकापणी आली. कापणी उरकली तेव्हा कुणीतरी म्हणाले, "दोन बाळंतपणे घरीच सुखरूप झाली, तिसऱ्याला काय दाखवायचे?" जाऊबाईही तेच म्हणाल्या. आठव्या महिन्यात पाय सुजले, चार पावले चालून धाप लागू लागली, तेव्हा कुठे त्यांना दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन सहा. डॉक्टरांनी हातात होते तेवढे सगळे केले. मुलगी झाली. बाळंतपणानंतर रक्तस्राव झाला. अंगात पुरेसे रक्त असलेली बाई तो कदाचित सोसून गेली असती. जाऊबाईंना तो सोसवला नाही.

दोष दवाखान्याचा नव्हता. मला आणि सासूबाईंना सहा महिने माहीत होते. ती मुलगी माझ्याजवळ वाढली, आणि तिला सांभाळत असतानाच मी परिचारिकेच्या शिक्षणासाठी अर्ज केला.

रक्ताचे गणित साधे आहे. गरोदरपणात हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेले की ते कमी समजतात, आणि सातच्या खाली गेले की जिवाला धोका. पोटात मूल वाढते तसे आईच्या अंगातले रक्तही दीडपटीच्या आसपास जाते, म्हणजे लोहाची मागणी वाढतच राहते. गोळ्यांनी ही तूट भरून काढायला आठवडे नव्हे, महिने लागतात. म्हणून सरकारी नियमात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी सांगितली आहे. आठव्या महिन्यात आलेल्या बाईला १८० दिवस आणायचे कुठून? आपल्या देशात अजूनही निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले चित्र आहे.

ह्या विषयात आपल्या मुंबईचाही एक मान आहे, तो पुष्कळांना माहीत नसतो. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी शहरातल्या गरीब गरोदर बायकांच्या पांढुरकेपणाचा शोध घेतला. नेहमीच्या उपायांनी बऱ्या न होणाऱ्या बायका यीस्टच्या अर्काने सुधारतात, असे त्यांना दिसले आणि १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यात काय होते ते पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले, आणि लॅटिन भाषेत पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याला फॉलिक आम्ल असे नाव पडले. पानांच्या गावाला हे सांगताना मला गंमत वाटते. मात्र विड्याच्या पानाने रक्त वाढते असा अर्थ कृपा करून कुणी काढू नये, आणि पानातली तंबाखू व सकाळची मिश्री तर पोटुशीने हाताला लावू नये!

ह्याच फॉलिक आम्लाची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गर्भाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच मिटते. ती नीट मिटली नाही तर मूल जन्मतःच अपंग होते, किंवा वाचतच नाही. ही गोळी वेळेवर घेतल्यास असे बरेचसे दोष टळतात, हे १९९१ साली सिद्ध झाले. म्हणजे आपण ज्या दिवसांत तोंडावर बोट ठेवून बसतो, नेमक्या त्याच दिवसांत हे काम होऊन जाते. खरे तर मूल हवे असे ठरले की तेव्हापासूनच ही गोळी चालू करावी.

तीन महिन्यांचे गुपित वेडेपणाचे आहे, असे मी म्हणणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. गावभर पेढे वाटून झाल्यावर तसे घडले तर बाईला दुःख सोसावे लागते आणि वर लोकांच्या नजराही सोसाव्या लागतात. आपल्या आज्या-पणज्यांनी तिच्यासाठी केलेला तो आडोसा होता. पण त्या आडोशाच्या आत डॉक्टर आणि नर्स ह्यांनाही जागा हवी, इतकेच माझे म्हणणे.

उशिराची कारणे सगळ्या घरी सारखी नसतात. दोन मुलांची आई उशिरा येते, कारण तिला वाटते सगळे ठाऊक आहे. काही जणींना हे मूल ठेवावे की नाही हेच ठरवता येत नाही. ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून मी बोलते. गर्भपाताचा कायदा १९७१ सालापासून आहे. त्या बाईनेही लवकर यावे. तिला तर सर्वांहून लवकर यायला हवे.

आणि गाव आता पूर्वीचे राहिले नाही. वाड्यांच्या जागी इमारती झाल्या, म्हाडाची वसाहत आली, २००९ साली महानगरपालिका आली. इमारतीतल्या मुली पहाटेच्या लोकलने अंधेरीला, चर्चगेटला जातात. सरकारी दवाखान्याची वेळ सकाळची, आणि ह्या घरी परततात रात्री आठला. अर्ध्या दिवसाची रजा मागायची तर कारण सांगावे लागते, आणि कारण सांगितले की साहेबांचा चेहरा बदलतो. मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९२९ साली झाला, तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याची बाजू मांडल्यावर. आज कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे. कायद्याला शंभर वर्षे होत आली, पण साहेबांचा चेहरा काही बदलायचा थांबला नाही.

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडून वीटभट्टीवर येणाऱ्या बायकांचे दुखणे निराळे. पाड्यावरच्या नर्सच्या वहीत ती "गावी नाही", आणि इकडच्या वहीत तिचे नावच नाही. ह्या पाड्यांवर सिकलसेलचा आजारही आढळतो. तो लवकर तपासला तर आईचीही काळजी घेता येते आणि मुलाचीही. एक दिवस दवाखान्यात घालवला की त्या दिवसाची मजुरी बुडते. पहिल्या मुलासाठी सरकार ५,००० रुपये देते खरे, पण आधार, बँक, मोबाईल हे सगळे जुळेपर्यंत बाळ रांगू लागते.

आशाताई घरोघर जातात, पण इमारतीच्या फाटकावरचा रखवालदार त्यांना पावडर विकणाऱ्या बायांबरोबर परत पाठवतो. हे मी स्वतः पाहिले आहे. भगिनींनो, तो रखवालदार तुमच्या सोसायटीचा आहे, हे ध्यानात असू द्या.

एवढे सगळे मला कळते, आणि तरी चार वर्षांपूर्वी काय झाले ते ऐका. एका सकाळी सुनेने मला तपासणीची पट्टी दाखवली. दोन रेघा उमटल्या होत्या. आणि तीस वर्षे दवाखान्यात काढलेल्या ह्या बाईच्या तोंडून पहिले वाक्य निघाले, "एवढ्यात कुणाला सांगू नकोस हं." सून म्हणाली, "आई, डॉक्टरांनासुद्धा नाही?"

मला एकदम सासूबाई आठवल्या. त्याच दिवशी मुलाने रजा काढली आणि तिघे दवाखान्यात गेलो. रक्त बरे निघाले, पण थायरॉईड कमी निघाले. ते गर्भाचे स्वतःचे तयार व्हायला वेळ लागतो, तोवर त्याच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉईडवर चालते. सुनेला रोज सकाळी उपाशीपोटी एक लहानशी गोळी दिली. नातू आता साडेतीन वर्षांचा आहे आणि आज पुढच्या रांगेत बसून मला बोलू देत नाही, हे आपण पाहतच आहात. शेजारी आणि नातेवाईक ह्यांना आम्ही बातमी तिसऱ्या महिन्यानंतरच सांगितली. त्यात कुणाचे काही बिघडले नाही.

२०१५-१६ साली देशात शंभरातल्या ५९ बायकांची पहिली तपासणी तीन महिन्यांच्या आत होत असे. २०१९ ते २१ च्या पाहणीत त्या ७० झाल्या. उरलेल्या तिसांतल्या काही आपल्याच गल्लीत राहतात.

म्हणून मंडळापुढे माझी एक मागणी आहे. रविवारी सकाळी आपली खोली बंद असते, आणि लोकलने जाणाऱ्या मुली त्याच दिवशी घरी असतात. आशाताईंना रविवारी दोन तास तिथे बसू द्यावे. त्यांच्याकडे तपासणीची पट्टी फुकट असते, नोंदणीचे कार्डही त्या मिळवून देतात. पापड लाटायच्या निमित्ताने कुणीही यावे, कशासाठी आली हे कुणी विचारू नये. अध्यक्षाबाईंची परवानगी असेल तर येत्या रविवारपासून मी खोली उघडते. किल्ली माझ्याकडेच आहे.