झोपलेल्या डिस्कवर पहारा



घरचे लग्नाचे व्हिडिओ, सोसायटीचे दप्तर, ग्रंथालयाने स्कॅन केलेली जुनी मासिके, हे सारे आता हार्ड डिस्कवर असते. चार-सहा डिस्कचा छोटा सर्व्हर चोवीस तास चालू ठेवणारे तुमच्यातही असतील. पण डिस्कना दिवसभर काम नसते. म्हणून रिकाम्या वेळात त्यांना झोपवतात. तबकड्या फिरायच्या थांबतात, आवाज आणि उष्णता कमी होते, वीजही वाचते.

अशा डिस्कची प्रकृती कळणार कशी? ‘स्मार्ट’ नावाच्या व्यवस्थेत डिस्क स्वतःच स्वतःची नोंद ठेवते. त्यातल्या ५ क्रमांकाच्या नोंदीत खराब म्हणून बदललेले सेक्टर मोजले जातात, तर १९७ मध्ये वाचता न आल्याने निकालाची वाट पाहणारे. लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्समधला ‘स्मार्टडी’ हा पहारेकरी ही वही दर ३० मिनिटांनी उघडतो.

पंचाईत इथेच आहे. वेगळे काही सांगितले नाही, तर तो डिस्क झोपली आहे की जागी, हे न पाहताच वही मागतो. तान्ह्या मुलाला ‘झोपलास का रे?’ म्हणून हलवून उठवावे, तसला हा प्रकार. वीस मिनिटांनी झोपणारी डिस्क अशाने दिवसातून ४८ वेळा उठू शकते. वर्षाचे झाले १७,५२०. एखाद्या डिस्कला ५०,००० वेळा चालू-बंद होण्याची मर्यादा दिली असेल, तर ती तीन वर्षांच्या आतच गाठली जाते. काळजीनेच झीज व्हायची!

उपाय साधा आहे. डिस्क कोणत्या अवस्थेत आहे एवढेच विचारणारी एक वेगळी आज्ञा असते. तिचे उत्तर डिस्कवरचे इलेक्ट्रॉनिक सर्किट देते, तबकड्या हलत नाहीत. स्मार्टडीच्या सेटिंगमध्ये ‘-एन स्टँडबाय’ लिहिले की तो आधी हे विचारतो आणि डिस्क झोपलेली असली तर ती फेरी सोडून देतो. शिवाय किती फेऱ्या सोडायच्या, याची मर्यादाही घालता येते. ३३६ लिहिले, की आठवड्यातून एकदा तरी तपासणी होतेच.

एवढ्याने भागत नाही. सेक्टर बिघडला आहे हे तो वाचायला गेल्यावरच कळते. वर्षभर न उघडलेल्या फायलींबाबत १९७ समोरचे शून्य म्हणजे ‘सगळे ठीक’ नव्हे. त्याचा अर्थ ‘अजून कुणी पाहिले नाही’ असाही असतो. म्हणून महिन्यातून एकदा डिस्क मुद्दाम जागी करून दीर्घ चाचणी लावावी. तीत डिस्क पृष्ठभाग आरपार वाचून काढते. काही तास लागतात, लागू द्यावेत.

आणि तरीही फसगत होते. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती, म्हणजे इशारा मिळाला की थांबू नये. पण मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी ‘स्मार्ट’च्या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती.

तेव्हा पहारा जरूर ठेवा, झोपमोड न करता ठेवा. पण त्याच्या भरवशावर राहू नका. महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या जागी ठेवा, आणि ती उघडते ना, हे अधूनमधून पाहा.