अकादमी : एका नांवाचा प्रवास

‘अकादमी’ हा शब्द श्रोत्यांच्या कानांवरून अनेकदां गेलेला असेल. साहित्याची अकादमी, चित्रकलेची अकादमी, सैनिकी शिक्षणाची अकादमी. इतकेंच काय, शिकवणीच्या वर्गावरहि हल्लीं हीच पाटी झळकते. परंतु मुळांत हें एका पुरुषाचें नांव आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

तो पुरुष म्हणजे ग्रीक पुराणांतील अकादेमस. थीसियसनें हेलनला पळवून लपविलें, तेव्हां तिच्या शोधार्थ आलेल्या तिच्या भावांना तिचा ठावठिकाणा त्यानें सांगितला. ते उपकार स्मरून स्पार्टाच्या सैन्यानें पुढें अथेन्सच्या मुलुखावर स्वाऱ्या केल्या, तरी त्याच्या नांवाच्या उपवनाला हात लावला नाहीं, असें प्लूटार्क सांगतो.

नगराच्या तटाबाहेरील ह्याच उपवनांत इ. स. पूर्वी ३८७ च्या सुमारास प्लेटोनें आपली पाठशाळा स्थापिली. अॅरिस्टॉटल तेथें वीस वर्षें राहिला. अशा रीतीनें पुरुषाचें नांव जागेला व जागेचें नांव विद्येला लागलें. इ. स. पूर्वी ८६ मध्यें अथेन्स जिंकणाऱ्या रोमन सेनापति सुल्लानें मात्र वेढ्याच्या यंत्रांसाठीं हींच झाडें तोडलीं. नांवाची पुण्याई त्याच्या कुऱ्हाडीला अडवूं शकली नाहीं. इ. स. ५२९ मध्यें सम्राट जस्टिनियननें अथेन्समधील तत्त्वज्ञानाचें अध्यापनच बंद केलें.

उपवन गेलें, नांव तगलें. १६३५ मध्यें पॅरिसला भाषेच्या रक्षणासाठीं, १७६८ मध्यें लंडनला चित्रकारांसाठीं, १९२७ मध्यें अमेरिकेंत चित्रपटांसाठीं आणि १९५४ मध्यें दिल्लींत साहित्यासाठीं तें घेतलें गेलें. पुण्याजवळ खडकवासल्यास १९५५ मध्यें उघडलेल्या सैनिकी अकादमीला मराठींत ‘प्रबोधिनी’ म्हणतात. सैनिकांनीं एकदां राखलेल्या व एकदां तोडलेल्या उपवनाचें नांव सैनिकांच्याच पाठशाळेनें धारण करावें, हा योग विलक्षण खरा; आणि ‘प्रबोधिनी’ म्हणजे जागें करणारी, हा अर्थ प्लेटोलाहि रुचला असता.

कारण त्या उपवनाचा लौकिक झाडांमुळें झाला नाहीं, तेथें विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांमुळें झाला. पाटी आज कोणालाहि रंगवून घेतां येते. मुलाला अशा पाटीखालीं धाडणाऱ्या आईबापांनीं एवढेंच पाहावें, कीं आंत त्याला शंका विचारावयास मुभा आहे कीं नाहीं.