उन्हाची बेगमी

बर्फाचा चुरा भांड्यात घ्या आणि ढवळत ढवळत मंद आचेवर ठेवा. शेवटचा खडा वितळेपर्यंत तापमापकातला पारा शून्य अंशावरून हलायचा नाही. मग आच जाते कुठे? ती वितळण्यातच खर्ची पडते, एका ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी. पाणी पुन्हा गोठले, की ती पै न् पै परत मिळते. हीच सुप्त उष्णता.

मूळच्या बुडापेस्टच्या मारिया टेल्केश यांनी या हिशेबावर अख्खे घर उबदार ठेवण्याचा घाट घातला. १९४८ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधील डोव्हर गावी, ते उभे राहिले. डब्यांत ग्लॉबरचे मीठ. ते सुमारे ३२ अंशांना पाघळते. दिवसा काचेआड तापलेली हवा पंखे डब्यांकडे नेत, मीठ वितळे. रात्री गोठताना तेच ऊन खोल्यांत उतरे. सुरुवात तर छान झाली. पण पुढच्या हिवाळ्यांत ऊब पुरेना.

मिठाची खोड अशी, की तापताच त्यातले पाणी सुटते आणि कोरडे मीठ तळाशी बसते. गार झाल्यावर दोघांची नीट गाठ पडत नाही. शिवाय ३२ अंशांखाली जाऊनही ते कधीकधी गोठतच नाही! यावर बाईंनी चिमूटभर टाकणखाराची तोड काढली. त्याच्या कणांभोवती स्फटिक धरतात. पहिली खोड फार चिवट. मीठ तळाशी बसू नये म्हणून त्यात दाटपणा आणणारे पदार्थ घालतात. मेण असे फुटत नाही, म्हणून आज पुष्कळजण त्याकडे वळतात; पण मेण पेट घेते, आणि उष्णता आत घ्यायला फार वेळ लावते.