आरुशात एक रात्र जास्तीची

टांझानियातल्या आरुशा शहरातून निघायच्या आदल्या रात्री मुक्कामाच्या घरातल्या बाईंनी सांगितलं, "सकाळी गाडी 'सा कुमी ना म्बिली'ला येईल." म्हणजे बारा वाजता! एवढ्या उशिरा का, असं मी विचारलं. त्यांनी पूर्वेकडच्या खिडकीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "सूर्य उगवेल तेव्हा."

स्वाहिली बोलणारी माणसं दिवसाचे तास सकाळपासून मोजतात. आपले सात वाजले की त्यांचा एक वाजतो आणि आपले सहा म्हणजे त्यांचे बारा. आरुशा विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम साडेतीन अंशांवर आहे. तिथे बाराही महिने दिवस आणि रात्र जवळपास सारखीच असते, म्हणून हा हिशेब बिघडत नाही. सूर्योदयापासून घटका मोजणारं आपलं पंचांग मला त्या खिडकीपाशी आठवलं.

सेरेंगेटी, न्गोरोंगोरो, तरांगिरे या अरण्यांकडे जाणाऱ्या बहुतेक सहली आरुशाहून निघतात. माणसं रात्री विमानातून उतरतात, झोपतात आणि उजाडताच जीपमध्ये बसतात. शहर मागे पडतं, ते न पाहताच. माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे, या गावाला एक दिवस आणि एक जास्तीची रात्र द्या.

गाव सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवा सुखद. डोक्यावर ४,५६२ मीटरांचा मेरू पर्वत. दुपारी तो बऱ्याचदा ढगांत असतो, पहाटे मात्र शिखर स्वच्छ दिसतं. मुक्कामाची जागा निवडताना मेरू दिसेल अशी खोली मिळते का, एवढं जरूर विचारा.

सकाळी मध्यवर्ती बाजारात जा. केळ्यांचे घड, कॉफीच्या बिया, कडधान्यांच्या राशी. एका बाईच्या टोपलीत मला तांबूस देठांची पालेभाजी दिसली. जुडी हातात घेतली, तर आपला माठ! तिथे त्याला 'म्चिचा' म्हणतात. शेजारच्या खाणावळीत जेवायला चपाती आणि कांदा-टोमॅटोची 'कचुंबरी' होती. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी'. शेकडो वर्षं हिंदी महासागरातून गलबतांनी मालाबरोबर शब्दांचीही ने-आण केली. खुद्द 'सफारी' हा शब्द आपल्या 'सफर'चा सख्खा भाऊ आहे, दोघेही अरबीतून आलेले. आणि त्याचा मूळ अर्थ फक्त प्रवास.

या गावाला इतिहासही मोठा आहे. जर्मनांनी १९०० साली बांधलेल्या गढीत आज निसर्गाचं संग्रहालय आहे. १९६७ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी स्वावलंबी समाजवादाचा 'आरुशा जाहीरनामा' इथूनच देशापुढे ठेवला. रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहारातले आरोपी संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणापुढे याच शहरात उभे राहिले. केवळ पहाटे सोडून जाण्याचं हे गाव नव्हे.

आता राहायचं कुठे? विमान रात्री उशिरा येत असेल, तर उसा रिव्हर या गावाच्या बाजूला राहा. किलिमांजारो विमानतळ शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि उसा रिव्हर त्याच वाटेवर लागतं. सेरेंगेटीला छोट्या विमानानं जायचं असेल, तर शहराच्या पश्चिमेला, आरुशाच्या लहान विमानतळाजवळ कॉफीच्या मळ्यांकडे राहणं सोयीचं. त्या विमानात साधारण १५ किलोच सामान चालतं, तेही मऊ पिशवीत. आणि बाजार, माणसं पाहायची असतील, तर घड्याळाच्या मनोऱ्याजवळ शहरात राहा. दिवसा पायी फिरा, अंधार पडल्यावर मुक्कामाच्या ठिकाणाहून ओळखीची टॅक्सी बोलवा. जमलं तर स्थानिक कुटुंबानं चालवलेल्या छोट्या घरात उतरा. आपला पैसा गावात राहतो आणि गाव आपल्याशी बोलतं.

जास्तीच्या दिवशी जवळच्या आरुशा राष्ट्रीय उद्यानात जा. तिथे बंदूकधारी वनरक्षकासोबत पायी फिरता येतं, झाडांवर काळी-पांढरी कोलोबस माकडं दिसतात. मार्च ते मे हे मोठ्या पावसाचे महिने, जून ते ऑक्टोबर कोरडे. जुलैत गरम कपडे हवेतच. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१९ पासून बंदी आहे, त्या घरीच ठेवा. हिवतापाच्या गोळ्या आणि पिवळ्या तापाची लस यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

निघायच्या सकाळी त्यांच्या बाराला, आपल्या सहाला, मी अंगणात उभा होतो. मेरूच्या माथ्यावर उजेड आला, मग तो खाली केळीच्या बागांवर उतरला. गाडी फाटकाशी आली होती. एक वाजायला अजून तासभर होता आणि त्या देशाचा दिवस माझ्यासमोर सुरू होत होता. त्या उजेडात मी अरण्याच्या वाटेला लागलो.