हात कामात, बोलणं लेकराशी

या वेळेला कुणी भाजी निवडत असेल, कुणी आत्ताच गोठ्यातून आत आली असेल. हातातलं काम थांबवू नका, नुसता कान इकडे द्या. आज आपण घरातल्या लहान लेकरांबद्दल बोलणार आहोत, अगदी तान्ह्यापासून ते पहिलीत जाईपर्यंतच्या.

गेल्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जमागणीचा विषय होता. एका ताईंना बारा हजार रुपये हवे होते. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पोराला तालुक्याला नर्सरीत घालायचंय. फी आहे, गाडीचं भाडं आहे." मुलगा तीन वर्षांचा. ताईंची बचत नियमित, हप्ते वेळेवर, त्यामुळे कर्ज मंजूर झालं. पण सही करता करता त्या जे बोलल्या ते आम्हा सगळ्यांच्या मनात राहिलं. म्हणाल्या, "तो घरात फारसं बोलतच नाही बघा. शाळेत गेल्यावर तरी बोलंल. आम्ही काय शिकवणार त्याला? मी सातवी शिकलेली. आणि शिकवायला वेळ तरी कुठंय?"

आपलं शिक्षण कमी आणि आपल्याला वेळ नाही, या दोन गोष्टी मला जवळजवळ प्रत्येक गटात ऐकायला मिळतात. म्हणून आज त्यांच्यावरच बोलते.

आधी शिक्षणाचं. दोन-तीन वर्षांच्या लेकराला शिकवायला पाटी-पुस्तक लागत नाही. त्याच्याशी कुणीतरी बोलावं, त्याचं ऐकावं, त्याला वस्तू हाताळू द्याव्यात, एवढं लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे की मुलाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. म्हणजे पहिलीच्या बाई हातात खडू घेतात त्याच्या आधीच बरंचसं काम झालेलं असतं. ते झालेलं असतं आपल्या चुलीजवळ, आपल्या अंगणात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं तुमच्यापैकी काहींनी ऐकली असतील. १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते जवळच्या कोसबाडला नेलं. हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावर नेली, तिथल्या अंगणात भरवली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरायची, तिला कुरणशाळा म्हणत. महागडी खेळणी नव्हतीच. पानं, बिया, खडे, माती, जे आजूबाजूला असेल ते घेऊन मुलं शिकायची. तसं सगळं साहित्य आपल्याही घरात पडलेलं आहे, एक पैसा न देता.

आता वेळेचं. मैत्रिणींनो, वेगळा वेळ काढूच नका. जे काम चाललंय त्यातच लेकराला ओढा.

सकाळी भाकरी करताना एक छोटा उंडा त्याच्या हातात द्या. तो दाबेल, लांब करेल, त्याचा साप करेल. तुम्ही भाकरी थापता थापता बोलत राहा. "ही मोठी भाकरी बाबाची, ही बारकी तुझी. पीठ कसं मऊ लागतंय ना? पाणी जास्त झालं की चिकट होतं." पीठ मळणाऱ्या त्या बोटांनाच पुढे पेन्सिल धरायची असते. आणि मोठं-बारकं, मऊ-चिकट हे शब्द त्याला कुठल्या तक्त्यावरून शिकावे लागत नाहीत.

मेथी निवडताना काड्या एकीकडे, पानं एकीकडे करायला द्या. चार-पाच वर्षांचं लेकरू असेल तर मूठभर हरभरा, तूर, मूग एकत्र करून वेगळं करायला द्या. कपडे वाळत घालताना विचारा, हा सदरा कुणाचा? मोज्याचा जोडीदार कुठाय? चपला जोडीनं लावायला सांगा. शेताकडे जाताना वाटेवरची झाडं ओळखू द्या. बाभूळ कुठली, लिंब कुठला, आज बांधावर किती बगळे बसलेत. पाच मोजून सहावर अडखळला तर तुम्ही सहा म्हणा आणि पुढं चला. रागवायचं नाही, परीक्षा घ्यायची नाही.

यात एक गोष्ट आपण बायका हमखास विसरतो. आपण विचारतो आणि उत्तरही आपणच देतो. "भूक लागली का? लागली असेल. ये, जेव." लेकराला शब्द जुळवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. विचारलं की मनातल्या मनात पाच अंक मोजा आणि त्याच्या तोंडाकडे बघत थांबा. ते "गाय" म्हणालं तर तुम्ही म्हणा, "हो, गाय. पांढरी गाय पाणी पितेय." त्याच्या एका शब्दाला आपले चार जोडायचे. तान्हं बाळ असेल तर त्याच्या हुंकाराला हुंकार द्या. त्यालाही आपली पाळी कधी येते ते कळतं.

आता मोबाइल. मला माहिती आहे, संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी लेकरू पायात घुटमळतं आणि मोबाइल दिला की गप बसतं. पण ते गप बसतं हीच अडचण आहे. मोबाइल बोलतो, पण लेकरू काय म्हणालं ते ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तेवढं चांगलं. मोबाइल एकदम बंद केला तर दोन-चार दिवस रडारड होईल. म्हणून आधी जेवताना बंद करा, मग झोपताना. मोबाइलच्या जागी दोन पातेली, एक पळी आणि झाकणं द्या. आवाज होईल, होऊ द्या.

कुणी म्हणेल, लेकरू दिवसभर सासूबाईंजवळ असतं, मी शेतात. मग हेच सासूबाईंनाही सांगा, पण शिकवल्यासारखं नको. "आई, तुम्ही आम्हाला कोल्ह्याची गोष्ट सांगितली होती, ती याला सांगा ना," असं म्हणा. म्हाताऱ्या माणसांजवळ गोष्टी आहेत, ओव्या आहेत, सागरगोट्यांचे खेळ आहेत. आणि लेकराचा बाप? तो कामावरून आल्यावर रोज एकच प्रश्न त्यानं विचारावा, "आज काय काय बघितलंस?" आणि उत्तर संपेपर्यंत तिथंच बसावं. दहा मिनिटं पुरतात.

भाषेचंही सांगते. काही घरांत लेकराशी मुद्दाम पुस्तकी मराठी किंवा तोडकंमोडकं इंग्रजी बोलतात. कशाला? तांड्यावर घरात गोरमाटी बोलत असाल तर गोरमाटीच बोला. तुमची बोली जी असेल ती बोला. माणूस ज्या भाषेत चिडतो, हसतो, लाड करतो, त्याच भाषेत भरभरून बोलू शकतो. एका भाषेत पाया पक्का झाला की दुसरी शिकायला सोपी जाते.

लेकराला कामात ओढायचं म्हणजे ते चुलीजवळ, शेतात येणार. तेव्हा सावध राहायला हवं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात चिंचोके, हरभरे, शेंगदाणे, मणी देऊ नका. नाकातोंडात जातात, घशात अडकतात. त्यांना मोठे चमचे, वाट्या, कणसं द्या. उकळतं पाणी, गरम तेल त्यांच्या हाताला येईल असं ठेवू नका. फवारणीचं औषध पाण्याच्या बाटलीत कधीच ओतून ठेवायचं नाही. त्याचा डबा कुलपात. विहीर, शेततळं, हौद, इतकंच काय, पाण्यानं भरलेली बादलीसुद्धा, यांच्याजवळ एकटं सोडायचं नाही.

आणि एवढं बोलूनही लेकरू बोलत नसेल तर? "याचा बापही उशिरा बोलला" म्हणून वाट बघत बसू नका. हाक मारल्यावर, भांडं पडल्यावर वळून बघत नसेल, दोन वर्षांचं होऊनही "दूध दे", "आई ये" असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा आधी बोलत होतं आणि आता बंद झालं असेल, तर अंगणवाडीच्या ताईंना किंवा आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तेव्हा लेकराला नक्की न्या. पथक यायला अवकाश असेल तर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कान कमी ऐकू येतात हे लवकर कळलं तर इलाज लवकर सुरू होतो. यात आईचा दोष नसतो. कुणी तसं म्हणत असेल तर ऐकून घेऊ नका.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी गावातली अंगणवाडी आहे, तिथं फी नाही. सरकारनं ही योजना १९७५ साली २ ऑक्टोबरला सुरू केली. खाऊ घेण्यापुरतं पाठवू नका, पूर्ण वेळ बसवा आणि आज काय झालं ते ताईंना विचारा. गटातून चार बाया विचारायला लागल्या की अंगणवाडी चांगली चालते, हा माझा अनुभव आहे. नर्सरीत घालायचं की अंगणवाडीत, ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण तिथून आल्यावर उरलेला दिवस घरातच जातो. तो दिवस मुका जाऊ नये.

मी सुरुवातीला सांगितलेल्या गटानं आता एक पद्धत पाडली आहे. बैठकीला लेकरं येतातच, आणि बचत मोजताना त्यांच्या हातात मोबाइल जायचा. आता दर बैठकीला एका बाईची पाळी असते. वसुली चालू असताना ती लेकरांना ओसरीत घेऊन बसते. एकदा गोष्ट, एकदा गाणी, एकदा ठिकरी. तिची बचत आधी घेतात, म्हणजे हिशोबाला अडचण नाही. फी भरलेल्या त्या ताईंचा मुलगाही येतो. अजून फार बोलत नाही, पण परवा ओसरीतल्या कोंबड्या मोजत होता. तपासणीला न्यायचं आहे, तेही ठरलं आहे.

या आठवड्यात तुम्ही एवढंच करा. रोजचं एक काम निवडा, भाकरी, धुणं, शेताची वाट, कुठलंही. ते काम करताना रोज लेकराशी बोला, विचारा आणि थांबा. पुढच्या बैठकीत बचतीबरोबर एकेकीनं सांगा, लेकरू कुठला नवा शब्द बोललं. रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आणि आत्ता लेकरू जवळ असेल तर रेडिओ बारीक करा, ते काहीतरी सांगत असेल.